आबांचं बोलणं मी बदललं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगायला बसते आणि दुसरंच काही बोलून उठते — आबा किती कणखर होते, जर्मनीहून बाई कशी आली, सत्कार किती छान झाला. लोक माना डोलावतात. मी मात्र स्वतःवरच चडफडत राहते. इतकं काय अवघड आहे त्यात?

आबा म्हणजे माझे आजोबा. वेल्ह्याच्या डोंगरातला माणूस. समुद्र कसा असतो ठाऊक नाही, आणि मिसरूड फुटायच्या वयात इंग्रजांच्या नौदलात भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची लढाऊ बोट अरबी समुद्रात मालवाहू जहाजांची राखण करायची. त्या बोटीनं एक जर्मन पाणबुडी बुडवली — घरात सगळ्यांना एवढंच माहीत. त्यापुढं विचारलं की आबा उठून गोठ्यात जायचे.

मी भोरला कॉलेजात इंग्रजी शिकवते. आबांची हकिगत मीच इंटरनेटवर टाकली होती. अभिमानानं. ती वाचून जर्मनीहून हाना आली. तिचे आजोबा त्याच पाणबुडीवर इंजिन सांभाळायचे. तेव्हा आबांनी नव्वदी ओलांडली होती.

आमच्या ओसरीवर बसून तिनं पाणबुडीची कहाणी सांगितली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाली, आफ्रिकेला वळसा घालून इकडं आली, वाटेत व्यापारी जहाजं बुडवत आली. मग एक दिवस तिचे संदेश यायचे थांबले. कुणीच परतलं नाही. हानाच्या वडिलांनी बापाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. शेवटी काय झालं, एवढंच तिला हवं होतं.

मी ते आबांना मराठीत सांगितलं. तिनं पुढं केलेला तिच्या आजोबांचा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"ह्योच व्हता का, न्हाई सांगता यायचं," ते म्हणाले. "तेलानं तोंड काळं झालेलं."

मला काही कळेना. मग ते बोलायला लागले.

"आदल्या दिशी त्यांनी आमच्या राखणीतलं जहाज फोडलं. त्यावर माझा मैतर खलाशी व्हता, आपल्याच खोऱ्यातला. जळत्या तेलात गेला. म्या बघितलं. दुसऱ्या दिशी आमी पाण्यात बॉम्ब टाकले, तशी पाणबुडी वर आली. माणसं उड्या टाकाय लागली. एक पोरगं पोहत पार आमच्या बोटीला आलं. हात वर केला त्यानं. माझ्या हातात दोर व्हता, पोरी. म्या टाकला न्हाई." त्यांनी फोटो तिला परत दिला. "बोट थांबवायची न्हाई, ह्यो हुकूम मागनं आला. आदी म्याच टाकला न्हाई. सांग तिला. समदं सांग."

आणि मी काय सांगितलं?

मी तिला इंग्रजीत सांगितलं — सगळं क्षणात संपलं. पाणबुडी तशीच तळाला गेली. वर कुणीच आलं नाही. त्यांना त्रास झाला नसणार.

आबांचं इंग्रजी म्हणजे जहाजावरचे चार हुकूम, तेही विसरलेले. हाना रडली. मग उठून तिनं आबांचे दोन्ही हात धरले, त्यावर कपाळ टेकवलं. ती आभार मानत होती. आबांना वाटलं, माफ केलं. म्हातारा माणूस हुंदके देऊन रडला.

"समदं सांगितलंस न्हवं?"

"व्हय आबा."

तिला दुःख नको म्हणून मी तसं केलं — असं स्वतःला पटवायला किती धडपडले मी. पटत नाही, कारण ते खरं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात आबांचा सत्कार होता, मीच जुळवून आणलेला. शाल, हार, पत्रकार, व्यासपीठावर हानाची खुर्ची. आबा बोलत होते तेव्हा माझ्या डोक्यात ते व्यासपीठ होतं. वीराची नात म्हणून मला मिरवायचं होतं. मिरवलं.

सत्कारानंतर तिला हायवेवरच्या नसरापूरपर्यंत मीच गाडीनं सोडलं. आम्ही दोघीच होतो. सांगता आलं असतं ना? मी तिला भाताची खाचरं दाखवत बसले.

आबा त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. येईल त्याला सांगायचे, "त्या पोरीनं माफ केलं मला." त्यांची झोप सुधारली होती. मी चहा आणून ठेवायचे, ऐकायचे, आत जायचे. तिचं सत्य तिला मिळालं नाही आणि आबांना मिळाली ती माफी नव्हतीच — दोन्ही मीच अडवलं, आणि वर गुणी नात म्हणवून घेतलं.

या वर्षी हानाचा फोन आला. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांनी पुन्हा विचारायला सांगितलं होतं — आबांनी त्या दिवशी पाण्यात कुणालाच पाहिलं नव्हतं का? एकाही माणसाला?

आता आबा नाहीत. त्या सत्काराची कुणाला आठवण नाही. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि जपायचं असं काही उरलेलंच नव्हतं. ती फोनवर थांबली होती.

मी म्हणाले, नाही. कुणालाच नाही.