फोन उचललेला आहे

माझे सासरे भिवा शिरसाट टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. काळेवाडीत अजूनही त्यांना लाइनमनकाका म्हणतात, घरात आम्ही आबा म्हणतो. माणूस नियमाचा. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल सुटेपर्यंत फुटपाथवर उभा राहणारा, आणि मधूनच पळत जाणाऱ्यांकडे असं बघणारा की त्यांची संध्याकाळ खराब व्हावी.

मी मिनल, त्यांची सून. माण गावातल्या एका आयटी कंपनीत सपोर्टला आहे. परदेशातल्या लोकांचं काही बंद पडलं की ते मला विचारतात, आणि मी त्यांना बंद करून परत चालू करायला सांगते. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. आबांच्या मते याला काम म्हणत नाहीत.

दिवाळीच्या आधी आबा मोरीत पडले आणि दूधवाल्याला संशय येईपर्यंत, म्हणजे चार तास, तिथेच पडून राहिले. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. जवळ असता तरी उपयोग नव्हता. कानातल्या यंत्रामुळे त्यांना मोबाइलवर शिट्टी ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. माझ्या नवऱ्याने, धम्मरत्नने, त्या दिवशीच ठरवलं की आबांना मारुंजीला आमच्या फ्लॅटवर न्यायचं. अकरावा मजला.

"तिथं मी काय करू?" आबा म्हणाले. "लिफ्टमधून वर-खाली करू?"

तीन आठवडे बापलेकांचं वाजलं. शेवटी असं ठरलं की घरी फायबर घ्यायचं आणि आबांचा जुना लँडलाइन नंबर त्या फायबरच्या डब्यावर चालू करायचा. त्यांची तांब्याची लाइन सात वर्षांपूर्वी रस्ता खोदला तेव्हाच मेली होती. आतल्या खोलीत पलंगाशेजारी फोन ठेवायचा, आम्ही सकाळ-संध्याकाळ करायचा, आणि आबांनी उचलला नाही तर धावत सुटायचं. धम्मरत्नने अट घातली, "रविवारी दहा वाजता मी फोन करणार. लागला तर राहा. नाही लागला तर अकराला टेम्पो येईल." टेम्पोवाल्याला सांगूनही ठेवलं. आबांनी या घराची एकेक वीट पगारातून रचली होती. टेम्पो हा शब्द ऐकल्यापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

बुधवारी डबा बसला. आबांनी त्यातून निघणारी फोनची वायर भिंतीतल्या जुन्या वायरला स्वतःच्या हातानं जोडली, म्हणजे आतल्या खोलीपर्यंत नवी वायर ओढायला नको. जोड सुंदर होता. फोन उचलला, टोन आला. आबा चक्क हसले. दुपारी फोन ठप्प. ना टोन, ना रिंग. बाहेरून लावला की एकच उत्तर, ग्राहक व्यस्त आहे.

मी गुरुवारपासून घरून काम घेतलं आणि लॅपटॉपसकट काळेवाडीत मुक्काम ठोकला. डबा बंद केला, चालू केला. आबा खुर्चीत बसून बघत होते.

"झालं?"

"नाही."

"मग परत कर."

डबा माळ्यावर होता. मी म्हटलं, शेजारून अजीजचाचांची शिडी आणते.

"नको. स्टुलावर चढ."

भिंतीला भिंत लागून राहणारे अजीजचाचा चाकणच्या कंपनीत डाय फिटर होते. दोघांची बायका-पोरं एकमेकांच्या घरात जेवून मोठी झाली. नऊ वर्षांपूर्वी चाचांनी नळाला मोटर लावली. गल्लीत पाणी येईना. आबांनी नियमाप्रमाणे तक्रार केली आणि महापालिकेची माणसं नियमाप्रमाणे मोटर काढून घेऊन गेली. त्या दिवशी चाचांच्या उझ्माची मंगनी होती. घरात चाळीस पाहुणे आणि नळाला करंगळीएवढी धार. तेव्हापासून बोलणं बंद. दोन वर्षांपूर्वी बिल्किसचाची गेल्या, तेव्हा आबा कब्रस्तानापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत गेले आणि तसेच मागच्या मागे परत आले. घरी येऊन रडले. पण चाचांशी बोलले नाहीत. मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता, अजूनही आहे.

तर मी स्टुलावरच चढले. शुक्रवारी डब्याचं सेटिंगचं पान लॅपटॉपवर उघडून बसले. तिथे स्वच्छ लिहिलेलं, फोन उचललेला आहे. मी जाऊन पाहिलं. रिसीव्हर जागेवर. मी तो उचलून पुन्हा ठेवला, दाबून ठेवला, वर उशी ठेवली. उचललेला आहे. शेवटी वायरीचे स्क्रू काढून अख्खा फोन भिंतीपासून सुटा केला आणि मांडीवर घेऊन बसले. लॅपटॉप म्हणाला, फोन उचललेला आहे.

"आबा, फोनच नाहीये आणि फोन उचललेला आहे."

"हं," आबा म्हणाले.

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे फॉल्ट काढले, तो स्वतःच्या घरात मिठाची गुळणी धरून बसला होता. मला वाटलं, म्हातारपण. टेम्पोच्या धास्तीनं डोकं चालत नसेल.

शनिवारी सकाळी मी कंपनीतल्या तनुजाकडून एक जुना फोन आणला आणि थेट डब्यात खुपसला. लगेच टोन आला. स्वतःचा मोबाइल लावला, रिंग वाजली. मी स्टुलावरच नाचले.

"आबा, डबा चांगला आहे. तुमच्या भिंतीतल्या वायरीत खोट आहे. ती सोडून द्या. बाहेरून नवी वायर टाकू, तासाचं काम. उद्या टेम्पो नाही!"

आबा खूश व्हायला हवे होते. ते उठले, कपाट हाताने सरकवलं आणि मागची लाकडी पट्टी उघडली. आत वायरीच्या दोन जोड्या. एक आतल्या खोलीकडे जात होती. दुसरी भिंतीत.

"ही कुठे जाते?"

आबांनी पट्टीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "अजीजकडं. पॅरलल हाय. तिकडं उचलला की हिकडं बंद."

सत्त्याण्णव साली उझ्मा पोटात होती. चाचांची नाइट शिफ्ट, आणि फोनला चार वर्षांची वेटिंग लिस्ट. आबांनी भिंतीला भोक पाडलं आणि आपल्या लाइनवरून बिल्किसचाचींना एक फोन काढून दिला. खात्याच्या नियमाप्रमाणे गुन्हा. आयुष्यात मोडलेला हा एकच नियम, आणि तो सुनेपुढे कसा सांगायचा म्हणून तीन दिवस हा माणूस मला स्टुलावर चढवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे कळसा लपवणारा आणि वळसा घालायला लावणारा एकच.

"म्हणजे तुम्हाला बुधवारीच कळलं होतं?"

"टोन गेला तवाच."

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आबांनी कटर घेतला. "कापतो. झालं काम." पलीकडच्या जोडीला कटर लावला आणि थांबले.

"तुझ्या त्या पानावर बुधवारपासून उचललेला दाखवतंय?"

"हो. बुधवारी दुपारपासून सलग."

"आज शनिवार."

"हो."

"तीन दिस कुणी रिसीव्हर धरून बसत न्हाई, मिनल. एकटा असतोय तो."

कटर तिथेच टाकून आबा निघाले. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात माझी. मी मागून धावले. चाचांचं दार बंद. आबांनी नऊ वर्षांत न वाजवलेलं दार दोन्ही हातांनी बडवलं. "अजीज! ए अजीज!" आवाज चिरकला. मीही घाबरले. माझ्या डोळ्यांपुढे मोरी आली, आणि दूधवाला.

दार उघडलं. अजीजचाचा लुंगीवर, हातात पाव, तोंडात पाव. त्यांनी आधी घास गिळला.

"आलास?" चाचा म्हणाले.

आत कोनाड्यात बिल्किसचाचींनी विणलेल्या रुमालावर लाल फोन होता. रिसीव्हर बाजूला काढून नीट आडवा ठेवलेला.

"बुधवारी हा टिंग करून वाजला," चाचा म्हणाले. "सात वर्षांनी. उचलला तर टोन. म्हटलं, भिवाची लाइन जिवंत झाली. मग बाजूला काढून ठेवला."

"का?" आबांनी विचारलं.

"लाइन बंद पडली की लाइनमन येतो. मला दुसरं काय माहीत? तीन दिवस लागले तुला. सरकारी माणूस."

आबांनी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या मी सासऱ्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकल्या. चाचा पाव खात ऐकत होते. शिव्या संपल्यावर आबा तिथल्याच खाटेवर बसले, धाप लागलेली, आणि म्हणाले, "चुकलो रं. मंगनीच्या दिवशी नको होतं करायला." चाचांनी पावाचा अर्धा तुकडा मोडून त्यांना दिला. मोटर लावायला नको होती हे ते बोलले नाहीत, पण चहाला दूध आणायला स्वतः गेले.

वायर आबांनी कापली नाही. मी नियमाची आठवण करून दिली. ते म्हणाले, आता तांब्याची लाइन न्हाई, खात्याचा संबंध न्हाई. रात्री मी मारुंजीला गेले. धम्मरत्नला फोन लागतोय एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायचं आबांवर सोडलं.

रविवारी दहाला धम्मरत्नने स्पीकरवर फोन लावला. एक रिंग. दोन. चार. पाच. त्याचं तोंड उतरायला लागलं. माझंही. सहाव्या रिंगला उचलला.

"हॅलो. कोण, धम्मा का?"

धम्मरत्नने माझ्याकडे पाहिलं. "अजीजचाचा? तुम्ही आबांकडे आहात?"

"नाही, मी माझ्या घरी. तुझा बाप येतोय. गुडघ्यामुळं टाइम लागतो." चाचा जरा थांबले, कान देऊन ऐकत असावेत. "आत्ता खुर्ची सरकली. आता भिंतीला हात धरून येतोय... थांबला. चालला परत. भिंतीतून सगळं कळतं, बेटा. त्या दिवशी मोरीत पडला तेव्हा मी पनवेलला उझ्माकडे होतो. नाहीतर पडल्याचंही ऐकू आलं असतं."

खट्ट आवाज झाला. आबांनीही रिसीव्हर उचलला होता.

"जय भीम, शिरसाट बोलतोय. अजीज, तू ठेव खाली. माझा फोन हाय."

"माझ्याकडं पण वाजतो. उचलणार."

"आबा," धम्मरत्न म्हणाला. पलीकडे दोघं रिंग कुणी कितव्या वेळेला उचलायची यावर वाद घालत होते. त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले, फोन तसाच चालू ठेवून माझा मोबाइल मागितला आणि टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.