कॅमेऱ्याचा अर्धा पट्टा

माझी धाकटी जाऊ आणि मी, आमचं बोलणं वाटणीपासून बंद. शिरड शहापुरात दोघींच्या घरांमधे एकच भिंत, पण तिचं तोंड बघायची मला हौस न्हाई. भांडण कॅमेऱ्याचं. आमचे मालक गावोगावच्या लग्नांत फोटो काढायचे, तो कॅमेरा. ते गेले, तो माझ्यापाशी राहिला. ती म्हणते, सामायिक कमाईतला होता.

यंदा तिचा लेक पुण्याहून आला. त्याला औंढ्याला सिनेमा काढायचाय, तोही जुन्या पद्धतीनं, रिळावर. रिळं मिळाली ती कुठंतरी पडून राहिलेली. ती चालतात का बाद झालीत, हे बघायला त्याला फोटोचा साधा कॅमेरा पाहिजे होता. रिळाचा तुकडा कापून त्यात भरायचा, थोडे फोटो काढायचे, धुऊन बघायचं. मी म्हटलं, देते बाबा, पण कॅमेरा माझ्या अंगणाबाहेर जाणार न्हाई.

मग म्हणतो, एक गोरं आणि एक काळं तोंड शेजारी शेजारी पाहिजे, रीळ दोन्ही बराबर धरतं का ते कळतं. काळी मी. गोरी कोण, ते सांगायला नको. लेकासाठी आली बया, बाजेवर माझ्यापासून हातभर लांब बसली. पोरगं म्हणालं, हलू नका. तर ही ओठ न हलवता म्हणते, "भावजी बिचारे हिचे फोटो काढून कट्टाळले असतील, हिच्यापायी किती उजेड लावावा."

"तुला उजेड काहून लागल? पीठच फासून आलीस," मी म्हटलं.

फोटो झाले आणि रीळ आत अडकलं. उजेडात झाकण उघडलं की सगळं वाया. माझ्या घरात पत्र्याच्या भोकांतून ऊन येतं. पुरता अंधार फक्त तिच्या धान्याच्या खोलीत. ती गालात हसली. मी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि वाटणीनंतर पहिल्यांदा तिचा उंबरठा ओलांडला.

दार लावलं. काही दिसंना. पोरगं मधे बसून चाचपून राहिलं. रीळ निघालं, डब्यात गेलं, तसा पट्ट्याला दुसरीकडून हिसका बसला.

"सोड," मी म्हटलं.

"घर माहं हाये," ती म्हणाली.

पोरगं दोघींना विनवीत होतं. कोणीच सोडलं न्हाई. पट्टा तुटला.

कॅमेरा मी पदराखाली धरून घरी आणला. अर्धा पट्टा तिच्या हातात राहिला. रीळ चांगलं निघालं म्हणे. फोटोत दोघीबी साफ आलोत, दोघींच्या कपाळाला आठ्या. आता पोरगा म्हणतो, "मोठी आई, रिळांचा अजून एक डबा तपासायचा हाये." म्हटलं ये, बाज टाकून ठेवते. तुझ्या आईला सांग, येताना पट्टा घेऊन ये म्हणावं, न्हाईतर येऊच नको.