रिकामा डबा

शेजारच्या वहिनींचा डबा धुऊन ठेवला होता. रिकामा परत कसा द्यायचा, म्हणून त्यात शेंगदाण्याचे चार लाडू घातले आणि आई आठवली.

दुष्काळात आमच्या गावात परदेशी दूध पावडरीचे डबे वाटले. वाटणारे साहेब म्हणाले, "डब्यावरचा झेंडा पुढे धरा, फोटो तिकडे पाठवायचाय." घरी धाकटी भुकेने रडत होती, म्हणून आईने झेंडा पुढे धरला. पण पुढच्या वाटपाला तिने तोच डबा मूठभर हुलगे घालून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब गोंधळले. आई म्हणाली, "आमच्यात डबा रिकामा धाडत नाहीत."

आपलं सरकार डबे पाठवणाऱ्या त्या देशाच्या लढाईविरुद्ध बोललं की तिकडून येणारी धान्याची जहाजं मुद्दाम रेंगाळायची, हे मला फार पुढे कळलं. त्यांना डबा परत नकोच होता, आमची मान खाली हवी होती. त्या दुधावर माझी बहीण जगली, हे मी कधी नाकारणार नाही. पण घासाबरोबर तोंडातला शब्दही गिळा म्हणाल, तर ते जमणार नाही.

साहेब हुलगे घेईनात. आईने डबा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"घ्या की साहेब. तुमचं आम्ही घेतलंच ना?"