बिनस्वेटरचं गाव

मला इंदुरात टिकवलं ते आमच्या मिस्त्रींनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. काय झालं ते मागाहून सांगतो. आधी माणसं सांगितलेली बरी. मिस्त्रींचं नाव मात्र लिहीत नाही. कुठल्याही कागदावर स्वतःचं नाव दिसलं की ते आपल्या इंदुरी बोलीत म्हणायचे, "कशाला भिया, वारंट निघालंय का?"

पोलोग्राउंडला पंपाच्या बॉडी ओतायचा कारखाना होता. तिथे भट्टीवर ते मोठे मिस्त्री, मी त्यांच्या हाताखाली. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे. हे जरा चढ आला की सायकलवरूनसुद्धा उतरायचे. लोखंड साच्यात ओतून झालं की दोन्ही तळहात आगीकडे धरायचे आणि मग ते गालांना लावायचे. जन्मभर भट्टीपुढे उभ्या माणसाला थंडी वाजताना तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. "पुढून भाजतो, मागून गारठतो," ते म्हणायचे. "तव्यावरची रोटीसुद्धा पलटवतात, यार."

त्या जानेवारीत त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. काकूंनी बजावलं होतं की साठीशांत नको, पंगती नकोत, मला कुठेतरी उबदार गावी न्या. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत गावांचा शोध सुरू झाला.

"आपल्याला अशी जगा पाहिजे भिया, जिथे सकाळी उठून स्वेटर ढूंढायला नको." अट एवढीच, पण गाव काही ठरेना. कोणी द्वारका म्हटलं तर, "तिथे सगळा वेळ देवाला द्यावा लागतो." मुंबई म्हटलं तर तिथे साडू. ओंकारेश्वर? "तिथे अमावसेला जातोच की. ही सालगिरह आहे." काकूंनी रामेश्वर काढलं, तर म्हणाले, "एवढ्या लांबून परत येईपर्यंत एकसष्ट लागेल."

सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही.

माझी शाळा सातवीला सुटली. गाव देवगडच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथे. तिथे आई आणि धाकटी बहीण, दोघी माझ्या पगारावर. त्या दिवाळीनंतर बहिणीचं पत्र आलं. मुंबईहून आलेल्या कोणीतरी आईला सांगितलं होतं की भट्टीवर काम करणारा माणूस चाळिशी बघत नाही. आईने त्या दिवसापासून भात सोडला होता. मी परत येईपर्यंत खाणार नाही म्हणाली. कोकणातल्या बाईने भात सोडणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल. परत जावं तर तिघांच्या पोटाला काही नाही. राहावं तर आई भाताची पेजसुद्धा पीत नव्हती, नुसत्या नाचणीवर होती. माझ्याकडून दोन साचे फुटले.

"क्यों भिया, तुझा डबा रोज आधा का परत जातो?" मिस्त्रींनी एक दिवस विचारलं.

मी सांगून टाकलं. त्यांनी आपल्या डब्याला झाकण लावलं.

"तुझं गाव गरम आहे?"

"जानेवारीत अंगणात उघड्याने बसता येतं."

"मग झालं."

"मिस्त्री, तिथे काही नाही हो. वीज नाही, घर साधं."

"मी वीज बघायला चाललोय का? तुझ्या आईला साठ वर्षांचा भट्टीवाला बघू दे."

मला वाटलं, काकू मोडता घालतील. त्या म्हणाल्या, "समुद्र आहे ना? बस. यांना बघायला मी इथेपण बसलेलीच आहे."

खंडव्याला गाडी बदलून मुंबई, तिथून बोटीने कोकण. दोघं गेली. मी इथे भट्टीवर काळजी करत राहिलो. आई यांना जेवायला काय घालेल, आणि स्वतः काय खाईल?

परत आले तेव्हा मिस्त्रींचं नाक सोललेलं होतं. आल्या आल्या सांगायला लागले. "तुझी आई मला बैल खरेदी केल्यासारखी बघत होती, चारी बाजूंनी. म्हणाली, 'तुमका खराच साठ वर्सां झाली?' मी म्हटलं, दात दाखवू का, आई?" माझ्या आईपेक्षा ते पुष्कळ मोठे, पण आईच म्हणाले.

वाढदिवसाला ओवाळायची वेळ आली. आई विधवा, म्हणून ती मागे सरली आणि शेजारणीला हाक मारायला लागली. काकूंनी निरांजन तिच्याच हातात दिलं. म्हणाल्या, "तुम्हीच ओवाळा. यांची साठी तुमच्या अंगणात पुरी झाली." आईने ओवाळलं. सगळ्यांना वाढलं आणि मग स्वतःचं पान घेतलं.

"भात घेतला, भिया. माझ्यासमोर. दुसऱ्यांदापण घेतला. बस, हो गया." एवढं बोलून ते भट्टीकडे वळले.

राहिलेलं काकूंनी सांगितलं, मी पाया पडायला घरी गेलो तेव्हा. मिस्त्रींना खोकला होता, जुना. कारखान्यात ते दिसायच्या आधी खोकला ऐकू यायचा. पण कोकणात ते आईसमोर एकदाही खोकले नाहीत. उबळ आली की "समुद्र बघून येतो" म्हणत उठायचे, पुळणीच्या वाळूवर जायचे आणि लाटांच्या आवाजात वाकून वाकून खोकायचे. डोळे पुसून हसत परत यायचे. आई काकूंना म्हणाली होती, "तुमच्या ह्यांका दर्याचा भारीच वेड."

त्याच आठवड्यात मिस्त्री मॅनेजरकडे जाऊन भांडले. मला भट्टीवरून काढून लेथवर टाकलं, मागच्या शेडमध्ये, जिथे धूर येत नाही. मी विचारलं, हे कशाला केलंत?

"तुझ्या आईला खोटं दाखवून आलोय. ते खरं नको करायला?"

स्वतः मात्र नोकरी सुटायच्या दिवसापर्यंत भट्टीवरच उभे राहिले.

आता ते इंदुरात नाहीत. खोली सोडून दोघं मुलीकडे ग्वाल्हेरला गेली. तिथली थंडी इथल्याहून कडक. तिकडून आलेला एक जण सांगत होता, मिस्त्री गच्चीवर खाट टाकून बसतात आणि ऊन सरकेल तशी खाट सरकवतात.

मी अजून लेथवर आहे. आई दोन्ही वेळा भात खाते. या थंडीत रजा मिळाली नाही, पुढच्या थंडीत मिळवीन. ग्वाल्हेरला जाईन आणि दोघांना कोकणात माझ्या घरी घेऊन जाईन. आईला मी सगळं सांगून ठेवलंय. या वेळी मिस्त्रींनी अंगणातच बसून खोकावं, आईने पाठीवरून हात फिरवावा. मी त्यांचं एवढं तरी फेडीन.