दुसरं शिखर

लॅबमधले किस्से सांगायचे नाहीत, असं मी दरवर्षी ठरवतो. पण ते उंबऱ्याशी चपला साचाव्यात तसे साचतात. बाजूला सारल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही!

पेणच्या आमच्या कॉलेजात सायली पीएच.डी. करते. काचेवर लोखंडाचे दोन थर, मध्ये तांब्याचा. इतके पातळ की काचेला नुसता धूर लागल्यासारखा वाटतो. ती काच मोठ्या चुंबकात ठेवून मायक्रोवेव्ह सोडायच्या. चुंबकाचा जोर वाढवत नेला की एका जागी रेझोनन्स होतो, ग्राफवर शिखर उठतं. लोखंडाच्या थरांची तांब्यापलीकडून एकमेकांवर पकड असेल, तर शेजारी दुसरं, बारकं शिखरही दिसायला हवं. ते तिच्या दोन्ही गाईडना पटलं तर थिसिस पुढे. नाहीतर सगळं पहिल्यापासून!

गाईड म्हात्रे सर म्हणतात, “तो नॉईज आहे.” को-गाईड, रोह्याचे देशमुख सर म्हणतात, “शिखर आहे!” मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासायचं नाटक करतो.

*

दसऱ्याला यंत्रांची पूजा. आमचे अटेंडंट नामदेवमामा यांनी चुंबकाला झेंडूचा हार घातला आणि सायलीचं सॅम्पल काथ्याने घासून लख्ख केलं!

“मॅडम, केवढी काजळी होती! पूजेला अशी ठेवायची व्हय?”

सायलीने काच उजेडाकडे धरली. आरपार दिसलं! मामांनी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. “सोनं घ्या!”

*

सायलीच्या कासू गावच्या काकीचा वेगळाच जाच. “काय गो सायले, दोन पत्रे जोडायला इतकी वर्षं? गडबच्या वेल्डरकडे सकाळी टाक, संध्याकाळी ने!”

“काकी, जोडायचे नाय. एकमेकांना धरून हायत का, ते बघायचंय.”

“मग ओढून बघ की!”

*

थंडीत देशमुखांच्या वाडीवर पोपटी लावली, म्हणजे मडक्यात शेंगा भरून भोवती जाळ. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्रकन सुकलं की वालाच्या शेंगा शिजल्या, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी सुकलं. देशमुख म्हणाले, “उतरवा.”

म्हात्रे म्हणाले, “एका निरीक्षणावर निष्कर्ष? पुन्हा शिंपडा!”

पुन्हा, पुन्हा करता करता शेंगांचा कोळसा. सायली कळवळून म्हणाली, “सर, जळल्या यावर तरी एकमत करा!”

म्हात्रे म्हणाले, “नुसत्या रंगावरून?”

*

रेझोनन्सने गुडघे बरे होतात, अशी आवई कुणी उठवली देव जाणे! एका सकाळी रामवाडीच्या एक आजी लॅबच्या दारात हजर.

“आजी, हे फक्त धातूंसाठी आहे हो,” सायली म्हणाली.

“मग माझ्या गुडघ्यात डॉक्टरने वाटी काय लाकडाची बसवलेय?”

*

शेवटी निवाडा करायला मुंबईहून एक मोठे सर बोलावले. ते म्हणतील ते दोघांना मान्य. सायलीने नवं सॅम्पल लावलं, ग्राफ उमटू लागला. मोठे सर कौतुकाने चुंबकाशी वाकले आणि फटकन त्यांचा जुना लोखंडी फ्रेमचा चष्मा चुंबकाच्या कडेला! काढायचा तर चुंबकाचा करंट बंद करावा लागणार, म्हणजे ग्राफ वाया.

“राहू दे,” म्हणत ते तसेच स्क्रीनला नाक लावून बसले. सायलीने डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने सर उद्गारले, “वा! तीन शिखरं आहेत!”

सायलीने खाडकन डोळे उघडले. तिसरं शिखर कुणाच्याच थिअरीत नव्हतं!

तोच डावीकडून म्हात्रे आणि उजवीकडून देशमुख एका सुरात ओरडले, “दोनच आहेत, सर! दोनच!”