कोरे दोन एकर

गुणवंत बोरकरांनी उभ्या जन्मात कुणाच्या दारातलं फूलसुद्धा न विचारता तोडलं नव्हतं. दिल्लीच्या सरकारी कचेरीत वीस वर्षं त्यांनी नकाशे काढले, ते गोदामांचे आणि क्वार्टरांचे. सत्त्याण्णव साली पहिल्यांदा मनाजोगं काम आलं. गुडगावच्या नव्या वसाहती टेकड्यांना भिडत होत्या. तिथल्या रानाच्या कडेला, गावकऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी मिळून रान राखायला शिकावं म्हणून एक केंद्र बांधायचं होतं. बोरकर हरखले. भिंतींत पिंगळ्यांसाठी ढोल्या काढल्या, गावाच्या बैठकीसाठी लांबरुंद ओसरी काढली. ‘एकही झाड तोडणार नाही,’ असा शब्द त्यांनी भर चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर, दिला.

कचेरीचा रिवाज असा, की खोडाचा घेर हातभर असेल तरच नकाशावर झाडाचा गोल काढायचा. त्या हिशेबानं मधोमध दोन एकर कोरे निघाले. तिथे बांधलं तर चालेल का, असं त्यांनी हुक्का ओढणाऱ्या पंचांना विचारलं.

"खाली पड़ी है जी," पंच म्हणाले.

मागे घुंगटातल्या बायका उभ्या होत्या. परक्या बायकांशी कसं बोलायचं, म्हणून बोरकरांनी मान खाली घातली. सभ्यपणा नडतो तो असा!

बुलडोझर लागला त्या दिवशी बोरकर पोचेपर्यंत निम्मी जागा साफ झाली होती. सरपणाला निघालेली भतेरी नावाची गावातली म्हातारी तिथेच मटकन बसली होती. मांडीवर उपटलेलं झुडूप, उंचीला गुडघाभर, पण बुंध्याशी मनगटाएवढं जाड.

"माँजी, यह तो झाड़ी है ना?"

"झाड़ी? धौ है. मेरे ब्याह से पहले का. बकरियाँ चर जाती हैं, इसलिए खड़ा नहीं हुआ. पाँच साल बाड़ लगा देते, तो जंगल हो जाता."

पाच वर्षं नुसतं कुंपण हवं होतं! धौ म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. भंडाऱ्याकडे धावड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला तो पायाखाली ओळखू आला नाही! बोरकर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बताया क्यों नहीं? मैंने पूरे गाँव से पूछा था."

"मुझसे किसने पूछा, बेटा?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

काम थांबवून बोरकर तडक कचेरीत गेले. साहेबांनी नकाशावरून बोट फिरवलं. "शाबाश, बोरकर! एक भी पेड़ नहीं कटा."

वीस वर्षं ज्यांच्यापुढे ब्र काढला नव्हता, त्या साहेबांना बोरकर म्हणाले, "सर, जंगल कट गया. मैंने काटा."