सागवानी चौकट

आबा वैजापूरला सुतारकाम करायचे. मला मात्र त्यांनी रंध्याला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तक धर," म्हणायचे. मी धरलं, आणि शहरात राहून इतिहासात एम.ए. झालो. पुढं दोन वर्षं नोकरीसाठी चपला झिजवल्या. गावातले लोक "या साहेब" म्हणायचे, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी वाळूजच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, तेही फक्त दहावीची गुणपत्रिका दाखवून. आमच्यातले बरेच जण तेच करत. पदवीवाला हेल्पर टिकत नाही, वर कायदा बोलतो, म्हणून त्याला घेतच नसत. बजाजनगरात एका खोलीत आम्ही चौघं राहायचो, चौघंही पदवीधर आणि चौघंही कागदावर दहावी पास. घरी मी सांगितलं होतं, त्याच कारखान्याच्या ऑफिसात आहे.

एका दुपारी आबा न सांगता आले. खोली सापडेना म्हणून थेट कारखान्याच्या गेटवर गेले. घरी ठेवलेली माझी पदवी त्यांनी सागवानी चौकटीत बसवून आणली होती. ऑइलनं माखलेल्या कपड्यांत मी बाहेर आलो, तेव्हा ते ती आमच्या सुपरवायझरला दाखवत होते.

"पोरगं एम.ए. हाय आमचं. त्याच्या हापिसात लावायची हाय ही."

सुपरवायझरनं कागद वाचला, मग माझ्याकडं पाहिलं. खोटी माहिती दिली म्हणून संध्याकाळी मला काढून टाकलं. तोवर आबा गेटबाहेरच बसून होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी चौकट मांडीवर पालथी धरली होती. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आबा, मला तुमचं काम शिकवा." त्यांनी रंधा हातात दिला. महिनाभर मी चांगल्या फळ्या नासवल्या.

"हात लहानपणीच बसतो, बाबा," ते एकदा म्हणाले. "तवा मीच बसू दिला नाय."

मी पुन्हा दहावीवरच दुसरीकडं लागलो. आबांनी माझं शिक्षण परत कुणाला सांगितलं नाही.

ते गेले तेव्हा मी त्या चौकटीतून पदवी काढून त्यांचा फोटो बसवला. फोटो लहान आहे, चारी बाजूंनी कोरी जागा उरते. त्याच्या मापाची चौकट मला करता येत नाही.